पुंगोल लांब पडतं

आमच्याच इमारतीतल्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "मित्रा, हे उठतच नाहीत गं..." एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मी टॅक्सी करून पोचले, तोवर ॲम्ब्युलन्सची माणसं काम आटोपून बाजूला उभी होती. सकाळचा चहा घेऊन दादा पाच मिनिटं आडवे झाले होते, ते तसेच गेले. दुपारी मीच सगळ्यांना कळवलं. दादा ज्या मराठी कुटुंबांच्या 'रविवार मंडळी' नावाच्या गटात होते, त्या गटाच्या विद्याताईंनाही कळवलं. आधी हात जोडल्याचं चित्र आलं. मग मजकूर आला, 'अंत्यविधी कुठे आहेत? पुंगोलला असतील तर जरा लांब पडेल.' लिफ्टच्या दारात उभी राहून मी ते वाचलं आणि तोंडातून एक शिवी गेली. ती इथे छापता येणार नाही. दादा असते तर म्हणाले असते, "चिडतेस काय? त्यांना रस्ता सांग."

रस्ता सांगणं हा प्रल्हाद गमऱ्यांचा, म्हणजे आमच्या दादांचा छंद होता. गुहागरजवळच्या खेड्यातून निघून ते जहाजावर गेले, इंजिनरूममध्ये वर चढत गेले आणि पुढे सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत स्थिरावले. पण शहराच्या टोकाला असलेल्या पुंगोलशी त्यांची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. तरुणपणी त्यांचं जहाज इथल्या उत्तरेकडच्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं. सुटीच्या दिवशी सोबत्यांबरोबर बसने ते पुंगोलच्या टोकापर्यंत गेले. एकच रस्ता, एकच बस, दोन्ही बाजूंना डुकरांची आणि कोंबड्यांची खुराडी, त्यांचा तो वास, आणि रस्ता संपला की लाकडी धक्का, मलाय आणि चिनी कोळ्यांची घरं, होड्या. "अगं, आमच्या वेलदूरच्या बंदरात उतरल्यासारखं वाटलं," असं ते सांगायचे. परतीची बस चुकली, तेव्हा एका कोळ्याने त्यांना घरात बसवून भात आणि मासे खाऊ घातले. तू कोण, कुठला, आडनाव काय, असं काही विचारलं नाही. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की तो भात मीच खाल्लाय असं मला वाटायला लागलं. पुढे सरकारने ते सगळं हलवलं. खुराडी गेली, घरं गेली, जमीन सपाट झाली, आणि तिथे नव्या इमारती उठायला लागल्या.

तेव्हा दादा-वहिनी तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. तोआ पायोह म्हणजे शहराच्या मधोमध, कुठूनही यावं. रविवार मंडळींचा शिरस्ता असा की महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवण, पाळीपाळीने. दादांची पहिली पाळी आली तेव्हा वहिनींनी सुरमई, तिसऱ्या, घावणे, सोलकढी असा बेत केला. मंडळी आली. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, ज्याची ओळख मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. विद्याताई फोटोकडे बघत म्हणाल्या, "गमरे म्हणजे... अच्छा अच्छा." हे मला वहिनींनी सांगितलंय, दादांनी कधीच नाही. त्या दिवशी जेवण बरंच उरलं. पुढच्या वर्षी पाळी आली तेव्हा निरोप आला की तुमचं घर जरा लहान पडतं, आपण एखाद्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये करू, जेवणाचं बाहेर सांगू, तुम्ही स्वयंपाकाचा त्रास घेऊ नका. वहिनींना त्रास! ज्या बाईला चाळीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे सण, तिला त्रास!

दादांनी मात्र ते सरळ घेतलं. घर लहान पडतं ना, मग मोठं घेऊ. पुंगोलला नव्या इमारतीत ऐसपैस फ्लॅट मिळत होता, आणि तो धक्का, तो भात डोक्यात होताच. घेतला. मूलबाळ नव्हतं, दोनच माणसं, आणि बाहेरची खोली अशी की तीत अख्खी रविवार मंडळी मांडी घालून बसावी. मग पाळी आली आणि निरोप आला, पुंगोल लांब पडतं.

तेव्हापासून दादा पुंगोलला काय काय येतंय यावर डोळा ठेवून बसले. सुरुवातीला खरंच गैरसोय होती, सगळीकडे लाल माती, बस कमी. मग मेट्रोची जांभळी लाइन आली, एका टोकाला हार्बरफ्रंट, दुसऱ्या टोकाला पुंगोल. एका टोकाला ऑफिस, दुसऱ्या टोकाला घर, यासारखी मजा नाही म्हणायचे. त्यांनी मंडळींना कळवलं, आता गाडी थेट येते. उत्तर आलं, पण स्टेशनपासून पुढे चालायचं ना? मग घरांमधून वरच्या वर फिरणारी छोटी रेल्वे, एलआरटी, आली. तिचे दोन फेरे, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. यावर आलेलं उत्तर असं की आमचा त्या फेऱ्यांत गोंधळ होतो बाई. दादांनी ग्रुपवर कौतुकाने लिहिलं, चुकीच्या फेऱ्यात बसलात तरी काळजी नको, फिरून परत त्याच स्टेशनात याल, मी न्यायला उभा असेन. एक्स्प्रेसवे झाला तेव्हा गाडीवाल्यांना वाट कळवली. ज्यांच्या दारात गाडी उभी होती आणि जे दिवाळीच्या फराळाला बेटाच्या पार पश्चिम टोकाला हसत हसत जात होते, तेच म्हणत होते, पुंगोल लांब पडतं.

मी नागपूरची, दीक्षाभूमीच्या अंगणात वाढलेली. असल्या गोष्टी मला वासाने कळतात. मी रविवार मंडळींत दोन महिने होते आणि एका 'तुमचं मूळ आडनाव काय हो?'नंतर बाहेर पडले. दादांच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो आणि माझ्या मुलीला घावणे खायला हक्काचं घर मिळालं. दादांशी माझं भांडण एकाच विषयावर व्हायचं. मी म्हणायचे, "दादा, हे अंतर गाडीने मिटणारं नाही. तुम्हाला कळत नाही असं सोंग कशाला करता?" ते रागावत नसत. म्हणायचे, "हे बघ, इंजिन बंद पडलं की आधी साधं कारण बघायचं. तेल आहे का, फिल्टर तुंबलाय का, पाइपात हवा शिरलीय का. साधी कारणं तपासल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही. एकदा खोललं की मधेच सोडता येत नाही." मी म्हणायचे, "किती वर्षं फिल्टर साफ करणार?" ते हसून वहिनींना चहा टाकायला सांगायचे. खरं सांगते, त्या हसण्याचा मला राग यायचा. समोरच्या लिम आंटीसुद्धा एकदा त्यांना विचारून गेल्या, "सो मच फूड. युअर फ्रेंड्स नेव्हर कम, आह?" तर हे म्हणाले, "नेक्स्ट टाइम, आंटी. ट्रेन कमिंग."

ती ट्रेन म्हणजे पुंगोलच्या पुढे समुद्राकाठी झालेलं जांभळ्या लाइनचं नवं स्टेशन. ते उघडलं तेव्हा दादा निवृत्त होते, आणि लहान मुलासारखे पहिल्याच दिवशी जाऊन आले. आल्या आल्या मला म्हणाले, "आता आपण शेवटचे नाही, मित्रा. आपल्या पुढेही एक स्टेशन आहे. आता कोण लांब म्हणेल?" त्यांनी रविवार मंडळींना आमंत्रण दिलं, नवं स्टेशन बघा, जिथे जुनं गाव होतं तिथे मी तुम्हाला फिरवतो, मग घरी जेवायला. वहिनी दोन दिवस ओट्यापाशी होत्या. मंडळींपैकी एकच जोडपं आलं, विद्याताई आणि त्यांचे यजमान. दादांनी त्यांना काठाने फिरवलं. इथे खुराडी होती, इथे बस वळायची, इथे मला एका माणसाने भात वाढला. मग घरी आणलं. पानं मांडली. विद्याताई म्हणाल्या, "अय्या, सांगायचं राहिलं, आमची आज संकष्टी. तुम्ही घ्या ना, आम्ही बसतो नुसतं." पाणीही नको म्हणाल्या, पर्समधून बाटली काढली. यजमान मोबाइलमध्ये बघत होते. थोड्या वेळाने, घर लांब आहे, निघायला हवं, म्हणून दोघं उठले. दादा त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले. म्हणाले, "आले तरी. सुरुवात झाली."

संध्याकाळी रविवार मंडळींच्या ग्रुपवर फोटो आला. समुद्राकाठच्या हॉटेलात दोघं बसलेले, पुढ्यात लालभडक रश्शातला खेकडा, यजमानांच्या हाताला रस्सा लागलेला. खाली लिहिलं होतं, 'पुंगोल एकदम मस्त! नवीन स्टेशनमुळे फार सोयीचं झालंय.' दादा त्या ग्रुपमध्ये आहेत हे त्या विसरल्या असतील, किंवा नसतील... मला आजही ठरवता येत नाही यातलं जास्त वाईट काय. दादांनी तो फोटो पाहिला आणि त्याखाली अंगठा दिला. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात उरलेलं डब्यात भरत होते. बाहेर येऊन मी विचारलं, आणि आवाज चढवूनच विचारलं, "दादा, आता तरी?" त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "हो. साधी कारणं संपली."

नंतरचे महिने त्यांनी कुणाला रस्ता सांगितला नाही. ग्रुप सोडला नाही, तिथे बोलणं सोडलं. संध्याकाळी काठावर एकटे जाऊन बसायचे, आणि मी सोबत गेले तर खुराडी, बस, धक्का यातलं काही काढायचे नाहीत. डॉक्टरांनी नंतर हृदयाचं जे कारण सांगितलं, त्यावर माझा विश्वास आहे. मी विज्ञानाची बाई आहे, फोटोने माणूस मरतो असं मी म्हणणार नाही. पण वयाची सत्तरी ओलांडल्यावर एखाद्याने आयुष्यभर झाकून ठेवलेलं यंत्र त्याला खोलायला लावायचं, आणि मग आपण खेकडा खायला निघून जायचं, याला काय म्हणतात ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. नावं मी बदलली आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मंडाईच्या स्मशानात रविवार मंडळी झाडून सगळी आली. बेटाच्या उत्तरेला झाडीत ती जागा. तिथे कुठलीच मेट्रो जात नाही, स्टेशनवरून पुढे बस धरावी लागते नाहीतर टॅक्सी. सगळे पांढऱ्या कपड्यांत वेळेवर हजर. कुणाचाही रस्ता चुकला नाही. विद्याताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती दिलखुलास माणूस!" मी खांदा काढून घेतला. वहिनींनी प्रत्येकापुढे हात जोडून सांगितलं, "रविवारी पुण्यानुमोदन आहे, त्यांच्यासाठी वंदना होईल, घरी या. त्यांना बरं वाटेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी सकाळपासून निरोप यायला लागले. वहिनींना चष्मा सापडेना म्हणून मीच ते वाचून दाखवत होते. तिसऱ्या निरोपाला त्यांनी मला हाताने थांबवलं. "पुरे गं," त्या म्हणाल्या, "मंडाईला कशी आली हो सगळी?"

माणसं आलीच नाहीत असं नाही. लिम आंटी घरच्यांना घेऊन आल्या, खालच्या मजल्यावरचे मलाय आजोबा आले, हार्बरफ्रंटच्या ऑफिसातली मंडळी आली, मी, माझा नवरा, मुलगी. सोफा भरला, जमिनीवर सतरंजी भरली, आणि म्हाताऱ्या माणसांना खाली बसवणं बरं दिसेना. वहिनी म्हणाल्या, शेल्टरमध्ये बघ. इथे प्रत्येक फ्लॅटमध्ये एक लोखंडी दाराची, जाड भिंतींची खोली असते, युद्धासाठी म्हणून बांधलेली, आणि सगळे तिचा अडगळीला उपयोग करतात. बॅगांच्या मागे भिंतीला टेकवून घडीच्या खुर्च्या होत्या, एकीवर एक, गठ्ठाच. मी ओढून बाहेर काढल्या. प्रत्येकीवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, पिवळं पडून चिकट झालेलं. "इथे राहायला आलो त्या आठवड्यातच आणल्या त्यांनी," वहिनी म्हणाल्या, "मंडळी येतील, खाली बसायला कुणाला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, वापरायला काढूया. तर म्हणाले, नको, पाहुण्यांसाठी आहेत, त्यांच्यासमोर नव्या दिसू देत." मी कात्री आणली. प्लास्टिक सहज निघत नव्हतं, नखांनी खरवडावं लागत होतं. लिम आंटी मदतीला आल्या, एक खुर्ची उलगडून तिच्यावर हात फिरवत म्हणाल्या, "न्यू चेअर, आह?"

"येस, आंटी," वहिनी म्हणाल्या. "ऑल न्यू." आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेल्या वहिनी त्या उघड्या खुर्च्यांच्या मधोमध उभ्या राहून रडायला लागल्या.