ओळख न दाखवणाऱ्या नलूकाकू

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात नलूकाकूंना सगळे शिष्ट म्हणत. गणपतीच्या आरतीला शेजारी उभ्या राहिल्या, तरी आपणहून कुणाला ओळख दाखवत नसत. समोरची हसली तरच हसायच्या. त्या कुजबुजीत मीही असायचे.

मग एकदा नवऱ्याने माझा गळा धरला. मी त्याच्या हाताला चावले आणि पोलिसांना फोन केला. ते आल्यावर तो सफाईदार इंग्रजीत बोलला, हातावरचे दातांचे वळ दाखवले. मला माहेरची सवय नडली. भांडण मिटवायचं तर ‘चुकलं माझं’ म्हणून मोकळं व्हायचं. "सॉरी, माय मिस्टेक," मी म्हणाले. बेड्या मलाच पडल्या.

कोर्टात माझ्यासोबत बसायला एका मदतसंस्थेने ज्या बाई पाठवल्या, त्या नेमक्या नलूकाकू. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी काही विचारलं नाही, डबा उघडला. "आधी खा. रिकाम्या पोटी बाई कशालाही हो म्हणते."

मी ‘हो’ म्हणणारच होते. कोर्टाने दिलेला वकील सांगत होता, गुन्हा कबूल करा, तुरुंग टळेल, आजच सुटाल. काकूंनी त्याला विचारलं, "आणि मुलाची कस्टडी? हिचा व्हिसा?" तो फाइल चाळू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, ‘चुकलं माझं’ हे घरात. इथे ते लिहून घेतात, मग आयुष्यभर पुसलं जात नाही."

जजसमोर पुन्हा ‘सॉरी’च तोंडावर आलं होतं. मागच्या बाकावरून काकू जोरात खाकरल्या. "नॉट गिल्टी," मी म्हणाले.

पुढे प्रत्येक तारखेला, अगदी बर्फातसुद्धा, त्या ड्राइव्ह करत आल्या. केस रद्द झाली. मुलगा माझ्याकडे राहिला. त्या दिवशी पार्किंगमध्ये म्हणाल्या, "मंडळात भेटलीस तर आधी तू हस, मगच मी हसेन हं. माझं हे काम ज्यांना ठाऊक आहे, ते माझ्याशी कोण बोलतं त्यावरून घरातलं ताडतात."

मी एकदाही हसले नाही. लिहितानाही शरम वाटते.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. फ्यूनरल होममध्ये त्यांची मुलगी जवळ आली. "आईला फ्रेंड्स फारशा नव्हत्याच ना? तुम्ही कशा ओळखता तिला?"

भिंतीलगत मंडळातल्या कितीतरी बायका उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या. माझ्यासारख्या किती होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"मंडळात पाहिलंय," मी म्हणाले. "शांत असायच्या."