न मोजलेली मिनिटे

माझ्या भाच्याला त्याच्या कार्यालयात ‘मापाडी’ म्हणतात. संगणकांची कामगिरी मोजणे हा त्याचा व्यवसाय आहे. विचारलेल्या प्रश्नाला एखादी यंत्रणा किती वेळात उत्तर देते, गर्दी वाढली की ती कुठे दमते आणि का दमते, हे तो मोजून सांगतो. नाव थट्टेने पडले असले तरी त्याने ते मानाने स्वीकारले. कार्यालयातील लिफ्ट मंद आहे अशी तक्रार झाली तेव्हा लिफ्ट वेगवान असून माणसेच अधीर आहेत, हे त्याने सिद्ध केले होते. तेव्हापासून लिफ्टपाशी त्याच्या शेजारी कोणी उभे राहत नसे.

त्याची थोरली बहीण, आमची ताई, त्याच इमारतीत तळमजल्यावर काम करी. रुग्णवाहिका मागवण्यासाठी येणारे दूरध्वनी तिच्या खोलीत घेतले जातात. कानाला यंत्र लावायचे, पत्ता टाइप करायचा आणि पडद्यावर जवळच्या गाडीचा क्रमांक आला की गाडी रवाना करायची, असे तिचे काम होते. क्रमांक येण्यापूर्वी तोंडी हुकूम देऊन गाडी सोडण्यास सक्त मनाई होती. कारण पूर्वी एकाच दारात दोन गाड्या जाऊन पोहोचल्या होत्या आणि दुसऱ्या दारात एकही गेली नव्हती. नियम योग्यच होता, असे माझे आजही मत आहे.

माझी बहीण वारल्यापासून ही दोन भावंडे माझ्या समोरच्या घरात राहतात आणि रात्रीचे जेवण आम्ही तिघे एकत्र घेतो. भाचा जेवतानाही घड्याळाकडे पाही. ताई म्हणे, “मी पोळीला किती वेळ लावते ते मोजलंस ना, तर उद्यापासून लाटणं तुझ्या हातात!”

एका दुपारी एका मुलीचा फोन आला. तिचे वडील न्हाणीघरात कोसळले होते. ताईने पत्ता टाइप केला, कळ दाबली आणि पडदा गोठला. “थांबा, लाईनवरच राहा,” असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. काही मिनिटांनी क्रमांक आला, गाडी निघाली. पण ते गृहस्थ वाचले नाहीत. मुलीने तक्रार केली की, फोन घेणाऱ्या बाईंनी वेळ दवडला.

चौकशी सुरू झाली. खोलीतील इतरांनी सांगितले, “सिस्टिम स्लो होती.” परंतु ते हे वाक्य उशिरा येण्यापासून चुकीच्या बिलापर्यंत सर्वच प्रसंगी वापरत, म्हणून त्याची कोणी दखल घेतली नाही. मग विभागप्रमुख बाईंनी मापाड्याकडे त्या दुपारचे आकडे मागितले. प्रश्न बहिणीचा आहे हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याने ते जसेच्या तसे दिले. मला म्हणाला, “मामा, आकड्याला नातं नसतं.” मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच्या आकड्यांनुसार त्या तासात त्याच्या मोजणीच्या प्रोग्रामने यंत्रणेला विचारलेल्या हजारो प्रश्नांपैकी केवळ एका प्रश्नाला विलंब झाला होता. शिवाय यंत्रणेची स्वतःची नोंद सांगत होती की, ताईने पाठवलेला पत्ता तिच्याकडे उशिरा आला आणि येताच उत्तर दिले गेले. निष्कर्ष उघड होता. कळच उशिरा दाबली गेली.

हा निष्कर्ष ताईला कळला त्या रात्री तिने ताट पुढे सारले. “अरे, सगळी खोली थांबली होती! माझ्या डावीकडची, उजवीकडचा, सगळे पडद्याकडे बघत बसलो होतो. आणि तुझ्या कागदावर एकच?”

त्याचा घास हातातच राहिला. मग तो माझ्याकडे वळून सावकाश बोलू लागला.

“मामा, माझा प्रोग्राम एक प्रश्न विचारतो, उत्तर आलं की वेळ लिहितो, मग पुढचा विचारतो. म्हणजे कसं, खिडकीपुढे रांगेत उभं राहून कारकून किती वेळ लावतो ते मी टिपतोय. कारकून उठून गेला, तर मीही गप्प उभा. तो परत आला की लिहिणार, ‘एकदा उशीर झाला’. माझ्या मागे ताटकळलेली माणसं कुठेच नाहीत.”

“आणि यंत्रणेची नोंद?” मी विचारले.

“ती तर कारकुनाचीच डायरी. कागद हातात घेतल्यापासूनचा वेळ लिहितो तो. कागद खिडकीवर किती वेळ पडला होता, हे त्याला काय माहीत?”

“मग तो एक उशीर नेमका केव्हा झाला, तेवढं तरी दाखव.”

“तासाचा सारांश काढून मी बाकीचं पुसून टाकतो,” तो म्हणाला. “पसारा नको म्हणून.”

दुसऱ्या दिवशी तो विभागप्रमुख बाईंकडे गेला. त्यांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, त्याला चहाही पाजला.

“म्हणजे तुमची मोजणी चुकली?”

“चुकली नाही, मॅडम. अपुरी होती.”

“मग पुरी दाखवा.”

“जे मोजलंच नाही, ते आता कुठून आणू?”

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात भाऊ असूनही तुम्ही सरळ वागलात, त्याचं मी सगळ्यांना उदाहरण दिलं. आज तुम्ही भाऊ म्हणून आलात. मला समजतं, मलाही भाऊ आहे. पण वर काय दाखवू? तुमचा कागद, की तुमची माया?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ! रागवायचे तरी कोणावर? त्याने लेखी निवेदन दिले. ते आदराने फाइलला लावण्यात आले. ताईला फोनवरून काढून गणवेशाच्या कोठारात बसवले.

त्याने प्रोग्राम बदलला. नवा प्रोग्राम मागच्या उत्तराची वाट न पाहता ठरल्या वेळी पुढचा प्रश्न विचारतो. त्यात यंत्रणा वारंवार अडत असल्याचे दिसले. नवी यंत्रणा आली आणि बाईंनी भरसभेत त्याचे कौतुक केले. बैल गेला नि झोपा केला, असे मी म्हणणार होतो. त्याचा चेहरा पाहून म्हणालो नाही. जुन्या दुपारचा निर्णय मात्र बदलला नाही, कारण आजचा अडथळा हा त्या दिवशीच्या अडथळ्याचा पुरावा ठरत नाही. दुर्दैवाने हे तर्कशुद्ध आहे.

परवा जेवताना तो म्हणाला, “ताई, मी त्या मुलीकडे जातो. खरं काय झालं ते सांगतो.”

“काय सांगशील?”

“यंत्र अडलं होतं म्हणून.”

“ते मी तिला तेव्हाच सांगितलं होतं,” ताई म्हणाली. “फोनवरच. मशीन अडलंय हो, म्हटलं. ती ओरडली, ‘सगळे हेच सांगता!’”

भाचा ताटाकडे पाहत बसला. ताईने त्याला आणखी भात वाढला. तो नको म्हणाला नाही आणि त्याने तो खाल्लाही नाही.