एका घराचा माणूस

केशवमामा दारात येऊन कडी वाजवायचे. आतून "कोण?" असं विचारलं की नाव सांगायचे नाहीत. "एक घर आलंय," म्हणायचे. केदारखेड्याच्या पलीकडे आमचं गाव. तिथं परिटांचं घर एकच, त्यांचं. गावाने हिणवायला ठेवलेलं हे नाव त्यांनी आपण होऊन उचललं होतं. त्यामुळे हिणवणाऱ्याला ते पुन्हा उच्चारण्यात मजा उरली नव्हती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. मामांच्या वडिलांनी आमचे कपडे कधी धुतले नाहीत, गावाची रीतच तशी होती. काम हातात आलं आणि मामांनी पहिल्याच वर्षी माझा शाळेचा सदरा आईकडून मागून नेला. वरच्या आळीतले एक म्हातारे भांडायला आले. "त्यांचे अन् आमचे कपडे एकाच हौदात?"

मामा कपडा पिळत म्हणाले, "आबा, सगळ्यात चिवट मळ कालरीचा. त्यात बी तुमच्या कालरीचा. मी कुठं बोंबललो का?"

त्यानंतर वरच्या आळीतल्या काही घरांनी कपडे देणं बंद केलं. आई मात्र त्या दिवसापासून त्यांना भाऊ म्हणू लागली.

निवडणूक आली की दोन्ही पॅनलचे लोक धनगरवाड्यात जायचे, आमच्या वस्तीत यायचे, विहारासमोर चपला काढून हात जोडायचे. आमची मतं ज्या बाजूला जातील तिकडे काटा झुकतो, हे त्यांना पाठ होतं. मामांचं घर याच वाटेवर. मामा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे आणि बुलेट तशाच धुरळा उडवत पुढे जायच्या. "गाडी हळू कराया तीन मतं पुरत न्हाईत," ते मला म्हणायचे. मी म्हणालो, आडत दुकानवाल्या शेठचंही गावात एकच घर आहे, त्यांना तर सभेत खुर्ची मिळते. मामा हसले. "पैशाला भावकी लागत न्हाई, भाचा. गरिबाला लागते."

मामी श्रावणात गेल्या. वरच्या आळीला पत्र्याचं स्मशानशेड होतं, पक्का रस्ता होता. पैसा सरकारी, पण तिथं भावकीशिवाय कोणाला जाळायचं नाही, ही रीत. परिटांचं सरण पिढ्यानपिढ्या ओढ्याकाठी, उघड्यावर. पाऊस थांबेना. आम्ही चौघे ताडपत्री धरून उभे होतो. सरण दोनदा विझलं. मामा ओल्या लाकडांवर रॉकेल ओतत होते आणि मामींशी बोलत होते, "थांब गं जरा. होऊन राह्यलंय."

तेव्हापासून ते प्रत्येक ग्रामसभेला जायचे. दाराशी, चपलांजवळ बसायचे आणि शेवटी उठून एकच मागायचे, ओढ्याकाठी चार पत्रे. एका सभेला मीही होतो. सरपंचांनी विचारलं, "केशव, तुमची घरं किती?"

"एक."

"एका घरासाठी शेड? वर्षाला मरता तरी किती तुम्ही?" सभा खदखदून हसली.

मामाही हसले. "मरतो एकदाच, आप्पा. पन जळावं तर पुरं लागतंय ना?"

ठराव झाला नाही. परत येताना मी संतापलो होतो, मामा संतापले नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा होता. गावात कोणाचंही लग्न असो, नवरा-नवरीच्या पावलांखाली पायघड्या अंथरायचा मान परिटाचा. त्याशिवाय वरच्या आळीत कोणी मांडवात पाऊल टाकत नाही. "समद्यांची लेकरं माझ्या धोतरावरून चालत गेलीत," मामा म्हणाले. "माझ्या येळेला कोन न्हाई म्हनंल?"

आयुष्यात त्यांची एवढी एकच चूक झाली. त्यांनी मानाला माणुसकी समजलं.

यंदा वैशाखात अवकाळी पाऊस कोसळत असताना मामा गेले. त्यांचा मुलगा सुनील जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये असतो. तो भिजत मोटारसायकलवर आला. ओढा दुथडी भरलेला. मामांचा हिशेब खरा धरून तिरडी उचलून आम्ही वरच्या शेडपाशी गेलो. तिथल्या मंडळींनी नाही म्हटलं नाही. "थांबा, इचारून सांगतो," एवढंच म्हणाले आणि शेडच्या पत्र्याखाली कोरडे उभे राहिले. तिरडी बाहेर, पावसात. कोणाला विचारायचं होतं, ते अजून मला कळलेलं नाही.

शेवटी माझी म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. "किती भिजवता रे माझ्या भावाला? उचला. खाली आणा."

मामी गेल्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या वस्तीला शेड मिळालं होतं, त्यात मामा पुरते जळले. पण समाधान मानायला मी तयार नाही. ते शेड तरी आम्हाला माणूस म्हणून कुठं मिळालं होतं? आमच्या मतांनी काटा झुकतो, म्हणून मिळालं. आमची घरं थोडी असती तर आम्हीही ओढ्याकाठी ताडपत्री धरून उभे असतो. ज्या गावात मेल्यावरसुद्धा आधी डोकी मोजतात, त्या गावाला मी गाव का म्हणायचं?

तेरवी झाली. दुसऱ्या सकाळी सरपंचांच्या पुतण्याची बुलेट मामांच्या दाराशी येऊन थांबली. तिथं बुलेट थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"सुनील, परवा ताईचं लगीन हाय. पायघड्या घेऊन ये बराबर टायमाला."

"दुसऱ्या कोनाला सांगा."

"दुसरं कोन हाय? परिटाचं तुमचं एकच तर घर हाय गावात!"

सुनील आत गेला, पायघड्यांचं गाठोडं आणून मोटारसायकलला बांधलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या आईच्या हातात ठेवली.

"आत्या, आता कोनी घरं इचारली तर सांगा."

"किती सांगू रे?"

"एक बी न्हाई."

तो जालन्याच्या रस्त्याला लागला. बुलेट कुलपासमोर बराच वेळ धडधडत उभी होती.