मॅडमनी दुसरंच पान उघडलं

मंडळी, वर्ग सुटून दोन तास झाले, पण मी अजून वर्गातच बसलेय.

अंबरपेठेत शाळा सुटल्यावर मी मुलांना मराठी वाचन आणि गणित शिकवते. खर्च एका ट्रस्टकडून येतो. आता आमच्या या तेलुगू राज्याचे दोन भाग होताहेत, ट्रस्टचा पैसाही वाटला जाणार, म्हणून ट्रस्ट काही वर्ग बंद करणार आहे. कोणते, ते ठरवायला आज त्यांच्या मॅडम आल्या. त्या तेलुगू भाषक; मराठी त्यांना वाचताही येत नाही, कळतही नाही.

वर्ग जाईल या धास्तीनं मी महिनाभर मुलांकडून एकच धडा घोकून घेतला होता, बाजाराचा.

नऊ वर्षांची सोनू उभी राहिली. मॅडमनी तिच्यापुढे भलतंच पान उघडलं, हत्तीच्या धड्याचं.

सोनूनं ओळींवर बोट फिरवत बाजाराचा अख्खा धडा म्हटला. एक शब्द चुकली नाही.

"क्या अच्छा पढ़ती बच्ची!" मॅडम खूश. वर्ग चालू राहणार.

त्या गेल्यावर मी हत्तीच्या धड्यातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. "हे वाच, बेटा."

ती रडवेली झाली. "नाही येत, टीचर. तुम्हीच बोलल्या ना, मॅडम आल्या की बाजाराचंच बोलायचं?"

वर्षभर येतेय ती माझ्याकडे. बाकीच्या मुलांना विचारायची माझी हिंमतच झाली नाही.

मॅडमना खरं सांगितलं तर वर्ग जाईल. नाही सांगितलं, तर उद्या सोनूपुढे कोणत्या तोंडानं पुस्तक उघडू?