आईचा पासपोर्ट

माझा नवरा केनियाचा. धुळ्याच्या शेतकी कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तो शिकायला आला तेव्हा त्याला इंग्रजी आणि त्याच्याकडच्या दोन भाषा येत होत्या. शिक्षण संपलं तोवर अहिराणीही यायला लागली होती, ती होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींकडून शिकलेली. पुस्तकातली मराठी त्याला शेवटपर्यंत जमली नाही. लग्न आम्ही धुळ्यातच नोंदणी पद्धतीनं केलं आणि जळगावात भाड्यानं घर घेतलं, कारण मला तिथं केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती.

त्याला मात्र भारतात नोकरी करायची परवानगी नव्हती. बायको इथली म्हणून राहता येत होतं, पण कमावता येत नव्हतं. घरातलं सगळं तो करायचा. बाजार, स्वयंपाक, कपडे, सगळं. शेवभाजी माझ्यापेक्षा त्याचीच बरी व्हायची. पण संध्याकाळी मी चपला काढत असतानाच विचारायचा, "आज कोणतं वाण लावलं? किती बाटल्यांना बुरशी लागली?" मी सांगत जायचे आणि तो उभाच राहून ऐकायचा. शेती शिकलेला माणूस, आणि शेतीची बातमी त्याला बायकोकडून कळत होती.

एकदा असंच मी सांगत होते, तर तो म्हणाला, "बस. मला आता विचारायचा कंटाळा आलाय. मला करायचंय."

त्याच्या गावाकडे प्रत्येक घरामागं केळी असतात, पण निरोगी रोपं मिळायची सोय जवळपास कुठंच नव्हती. त्याच्या आईकडे जमीन होती. तिथं छोटी प्रयोगशाळा आणि रोपवाटिका काढायची, असं त्यानं बोलून दाखवलं. लोकांना वाटतं मी नवऱ्यासाठी देश सोडला. खरं सांगायचं तर मी त्याच्या आधी तयार झाले होते. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत चिमट्यात कोंब धरून कापून कापून मलाही स्वतःचं काही करावंसं वाटत होतंच.

मग कागदपत्रं सुरू झाली. लग्नाच्या दाखल्यावर मुंबईचे शिक्के, मग दिल्लीचे शिक्के. माझ्यासाठी पोलिसांचा दाखला. पिवळ्या तापाची लस. परदेशी म्हणून त्याला जळगाव सोडताना एसपी ऑफिसात कळवायचं होतं. तिथले साहेब त्याला ओळखायला लागले होते. त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं तिकडं?"

"किसी," तो म्हणाला.

"किसी? किसका गाव?"

त्याला हिंदी पुरेशी येत होती. तो हसला आणि अहिराणीत म्हणाला, "साहेब, मना गाव." सगळं ऑफिस हसलं.

राहिली होती माझी आई. वडील गेल्यापासून ती सोनगीरला एकटीच राहते. भाऊ धुळ्यात असतो, दर रविवारी तिच्याकडे जातो. त्यामुळं तिचं अगदीच अडणार होतं असं नाही. पण मी दोन-तीन वेळा घरी जाऊन आले आणि प्रत्येक वेळी न सांगताच परत आले. शेवटी भावानंच तिच्या कानावर घातलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो, तर आईनं चहा दिला, पण आमच्याकडे पाहिलं नाही.

नेमका तेव्हाच माझ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. शनिवारी त्या करतातच. नवऱ्यानं फोन आईसमोर धरला. याआधी दोघी एकमेकींकडे बघून हात हलवायच्या, हसायच्या आणि तेवढ्यावर भागायचं. त्या दिवशी आईनं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि जावयाला म्हणाली, "तिले सांग, मनी आंडेर अठेच ऱ्हाई."

माझी मुलगी इथंच राहील.  नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो काहीतरी गोड करून सांगेल. पण त्यानं त्याच्या भाषेत सांगितलं ते चार-पाच शब्दांत, म्हणजे जसंच्या तसंच सांगितलं असणार.  सासूबाईंच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या बोलायला लागल्या, बराच वेळ बोलल्या. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

"काय म्हनस?" आईनं विचारलं.

"ती म्हनस," तो म्हणाला, "मी तरी कथा धाडेल व्हता? शिकाले गया आनि तठेच ऱ्हायना."

मी तरी कुठं पाठवला होता? शिकायला गेला आणि तिथंच राहिला. इतक्या वर्षांत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, की त्याच्या आईनं त्याला इथं राहायला कधीच हो म्हटलेलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आईनं फोनमधल्या बाईकडे नीट पाहिलं.  फोन जावयाच्या हातात दिला आणि आत जाऊन पोळ्यांची कणीक मळायला बसली. आम्ही जेवलो. भावाचं, पावसाचं, शेजारच्या लग्नाचं बोलणं झालं. आम्ही बसस्टँडला निघालो तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "मना पासपोर्ट काढा. पहिले मी घर देखसू. मंग बोलसू."

आम्हाला वाटलं रागात म्हणाली. पण सोमवारी भावाचा फोन आला की आई आधार कार्ड घेऊन धुळ्यात त्याच्या दारात उभी आहे.

तिचा पासपोर्ट आमच्या सगळ्या कागदांपेक्षा लवकर झाला. पोलीस चौकशीला घरी आले तर तिनं त्यांनाच विचारलं, "केनियाले थंडी ऱ्हास का?" शेवटी तिकिटं तिघांची काढली. तिचं महिन्यानंतर परतीचं. सोनगीरच्या बाजारातून तिनं विहिणीसाठी तांब्याचा हंडा आणला. वजनात बसत नव्हता, म्हणून मी माझ्या साड्या काढल्या आणि त्या आजही भावाकडे आहेत.

नैरोबीला सासूबाई स्वतः आल्या होत्या, रात्रभर बसनं प्रवास करून. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. दुभाष्या, म्हणजे माझा नवरा, अजून आत सामानासाठी थांबला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं पुढं होऊन त्यांचा हात धरला, आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

त्या महिन्यात किसीला आईनं सगळं तपासलं. विहीर पाहिली, उतारावरची लाल माती चुरून पाहिली, आमच्या खोलीचं छप्पर गळतं का ते पावसात उभं राहून पाहिलं. गळत होतं. नवऱ्याला दोन दिवस शिडीवर चढवलं. विहिणीबरोबर कच्ची केळी सोलायला बसायची. तिथं ती उकडून जेवणात खातात. आईला ती फिकी लागायची, म्हणून ती वरून तिखटाची फोडणी द्यायची. सासूबाईंना ठसका लागायचा, पण त्या परत वाढून घ्यायच्या. माझ्याशी मात्र आई माझ्या राहण्याविषयी एक शब्दही बोलत नव्हती, आणि विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी ती अंगणात भावाशी फोनवर बोलत होती. मी रोपांसाठी वाफा आखत होते. मी ऐकतेय हे तिला माहीत होतं.

"घर चांगलं शे," ती त्याला सांगत होती. "पानी शे. तिनी सासू कामनी शे. ऱ्हाऊ दे तिले."

मग आवाज चढवून तिनं त्याला विचारलं, विमानतळावर घ्यायला कोण येणार आहे, आणि येताना गाडी धुऊन आण म्हणाली.