साठवणीतलं पान

इस्पितळात त्यांना सगळे सर्व्हरकाका म्हणत. बावीस वर्षं सर्व्हरच्या खोलीत काढलेला माणूस, आणि स्वतःच्या कामावर नको इतका भरवसा. त्यांना कोण बोलणार?

त्या सोमवारी रक्तसाठ्याच्या पानावर दुर्मीळ गटाच्या दोन पिशव्या दिसल्या, म्हणून शस्त्रक्रिया विभागाने बाहेरून रक्त मागवलं नाही. पिशव्या पहाटेच संपल्या होत्या. धावाधाव झाली, पण टेबलावरची पोरगी गेली. रक्तपेढीतल्या ताई रडून सांगत होत्या, आठलाच नोंद बदलली. काकांनी आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, तर शून्य. "आत्ता बरोबर आहे, म्हणजे ताईंनी मागाहून बदललं असणार," असं ते सहज बोलून गेले. तेवढ्यावरून अधीक्षकांनी ताईंना घरी बसवलं.

रात्री काकांना जेवण जाईना. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती खोटं बोलते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच ते शस्त्रक्रिया विभागातल्या कॉम्प्युटरपुढे बसले. पानावर अजूनही दोन पिशव्या होत्या.

विभागाचं पान प्रॉक्सीतून यायचं. प्रॉक्सी म्हणजे मधला सर्व्हर. एकदा आणलेलं पान साठवतो आणि पुढच्याला तेच देतो. नेटवर्कची लाइन रडतखडत चालायची त्या काळात काकांनीच नियम घातला होता, चोवीस तास नवं पान आणायचं नाही. लाइन केव्हाच सुधारली, नियम तसाच राहिला. आणि स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी प्रॉक्सीतून वगळला होता, कामाला बरं म्हणून. म्हणजे बघा, सगळ्यांचं तपासणाऱ्याला सगळ्यांना दिसतं तेच दिसत नव्हतं! लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं होतं. ताईंची नोंद आठची. विभागाला दहाला मिळालेलं पान पावणेआठचं.

पंधरा मिनिटांनी ते पान आपोआप बदललं असतं. लॉग पुसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. काकांचा हात तिथवर गेलाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू? मग त्यांनी लॉग छापला आणि अधीक्षकांपुढे ठेवला. "नियम माझा. आणि नीट न बघता ताईंवर ढकललं, तेही मीच."

ताईंना त्याच दुपारी परत बोलावलं. काकांनी हात जोडले.

"त्या पोरीच्या आईने मला विचारलं, नोंद का केली नाहीस," त्या म्हणाल्या. "तिला तुम्ही सांगा."

काकांनी पत्ता लिहून घेतला.