हात मांडीखाली

जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत तिचं कपडे अल्टर करायचं दुकान. कुणाचा खांदा उतरता, कुणाचं पोट पुढे. तिच्या हाताखालून कपडा गेला की काही म्हणता काही दिसायचं नाही. "माणूस आहे तसाच राहतो," ती म्हणायची, "मी आपली झाकून देते."

लेक साडेतीन वर्षांची झाली, तरी 'आई' म्हणत नव्हती. दिवसभर मशीनखाली बसून बटणं गरगर फिरवायची, म्हणून नाव पडलं भिंगरी.

"माझा लेकही उशिराच बोलला," सासूबाई म्हणायच्या. "आता बंद करून दाखव त्याला!"

बालवाडीनं मात्र भिंगरीला परत पाठवलं. आधी तपासणी करा, मदतीचे वर्ग लावा, मग बघू. तपासणीला नंबर लागेपर्यंत दुकानात सुती कपडे सरून लोकरीचे आले.

त्या सकाळी तपासणी केंद्राच्या बाकावर तिला बसवेना. उठायची, बसायची, भिंगरीची कॉलर नीट करायची, खिडकीशी जाऊन परत यायची. शेजारच्या बाईच्या बाहीचा लोंबता दोरा दिसला, तो तोडूनच मोकळी झाली.

"अहो!"

"सवय हो," ती ओशाळली.

आत तपासणाऱ्या मॅडमनी बजावलं, "आई, तुम्ही नुसत्या बसा. मदत नको."

"छे, छे."

पण हात ऐकतात होय? "चेंडू दे" म्हटलं, की तिच्या कोपरानं चेंडू अलगद भिंगरीच्या बोटांशी. "मांजर कुठंय?" म्हटलं, की तेच चित्र पुढे. घरी आठवडाभर हीच तालीम चालली होती.

"सांगितलेलं कळतंय की हिला!" मॅडम म्हणाल्या. "वर्गात जागा मोजक्याच. तूर्त हिला गरज दिसत नाही."

म्हणजे मदतीचा वर्गच हातचा गेला, तिच्या लक्षात आलं. लेकीलाही आतून टीप मारून बसलो आपण! आता उसवणार कोण?

"मॅडम, मी लबाडी केली. परत बघता?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "आणि हात कुठे ठेवाल?"

ती दोन्ही हातांवर बसली.

थोड्या वेळानं भिंगरी तिच्याकडे आली. मनगट शोधू लागली. सापडेना. कोपर ओढलं, बाही ओढली. आईच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मग किंचाळून जमिनीवर पडली. आईची बोटं मांडीखाली नुसती वळवळत होती.

"पाणी हवंय तिला. देऊ का हो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मनगट धरून बाटलीपाशी नेते ना मला. नेहमीच."

"आणि तुम्ही जाता."

"जाते."

मॅडमनी बाटली तिच्या हातात दिली. "द्या आता. नेमकं काय आहे ते आणखी दोन-तीनदा बघून सांगेन. वर्ग मात्र सोमवारपासून. तुम्हीही यायचं."

"मी काय शिकू?"

"थांबायला."

"घ्या! तेवढंच तर जमत नाही."

भिंगरी तिचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरून पाणी प्यायली. ते सोडवून घ्यावं की राहू द्यावं, तिला कळेना.